बोडख्या डोंगराला बोललेला नवस

आमच्या मळ्यात कुठेही उभं राहिलं तरी उत्तरेला बोडखा डोंगर दिसतो. वांग्याच्या ओळीत वाकून वाकून कंबर धरली की माणूस सरळ होतो, आणि सरळ झाला की समोर तोच असतो. रिसोडपासून आमचं गाव जवळ, आणि गावापासून डोंगर फार तर दोन कोस. तरी पन्नाशी उलटेपर्यंत मी त्याच्यावर पाय ठेवला नव्हता. गावात विचारत फिरलो असतो तर वर जाऊन आलेली चार-पाच माणसं निघाली असती, त्यातलीही निम्मी थापा मारणारी.

वर जायचं तरी कशाला? पाणी नाही, वाट नाही, जत्रा नाही. माथ्यावर झाड नाही म्हणून तो बोडखा. अंगावर मात्र बोरी, चिलार आणि कमरेएवढं कुसळी गवत. वर एक देव आहे एवढं सगळ्यांना माहीत. कोणता ते कोणालाच माहीत नाही. कोणी मारुती म्हणतं, कोणी म्हसोबा. पारावर यावरून दोनदा भांडणं झालेली मी ऐकली आहेत, पण वर जाऊन बघून येऊ असं कोणी म्हटलं नाही.

आमचं न जाण्याचं कारण आणखी वेगळं होतं. सोयाबीनवाल्याला रिकामे दिवस असतात. सोयाबीन काढलं, विकलं, की तो पारावर बसायला मोकळा. भाजीवाल्याला सुट्टी नाही. वांगी एक दिवसाआड तोडायची, टोमॅटो तिसऱ्या दिवशी, पालक-मेथीचं तर विचारूच नका. तोडा एक दिवस चुकला की वांगं जून होतं, आणि जून वांगं बाजारात नेलं की बायका ते नखाने टोचून असं तोंड करतात की परत घरी यावंसं वाटत नाही. माझ्या लग्नाच्या दिवशी मी सकाळी चार ओळी वांगी तोडली आणि मग नवरदेव झालो. फोटोत माझ्या बोटांना काळे डाग आहेत. बायको ते फोटो कोणाला दाखवताना अंगठा बरोबर तिथे ठेवते.

तर गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चहा पिता पिता माझी मोठी बहीण म्हणाली, "संक्रांतीच्या आधी मले बोडख्यावर जा लागते."

तिला आम्ही अक्का म्हणतो. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हा लहानग्या मुलीला घेऊन ती माहेरी आली आणि इथलीच झाली. मुलगी आता मंगरूळपीरला तिच्या संसारात आहे. अक्काचं घर आमच्या भिंतीला लागून, पण चहा आमच्याकडे. मळा तिचा जितका, तितका माझा. खरं म्हणजे तिचा थोडा जास्तच, कारण वांग्याला कीड लागली तर ती आधी तिला दिसते आणि मला दुपारी कळते.

"कायले जा लागते?" मी विचारलं.

"नवस फेडाचा हाये."

अक्काचे दोन्ही गुडघे झिजले होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी संक्रांतीनंतरची ऑपरेशनची तारीख दिली होती आणि बजावलं होतं की त्यानंतर मांडी घालून बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि डोंगरबिंगर तर विसरायचाच. आता अक्काला नेमका डोंगर आठवला होता.

मी जरा तापट आहे. माझा आवाज चढला. "गुडघे दुखून राह्यले, अन् डोंगर चढतं म्हनते! देवाले मोबाइलवर सांगून टाक, म्हना जमत नाही."

"टेबलावर झोपल्यावर माह्यं काही बरंवाईट झालं तं? देवाचं ओझं डोक्शावर घेऊन मी मरनार नाही, बापू." ती मला बापू म्हणते, लहान भावाला म्हणतात तसं.

मग तिने नवसाच्या अटी सांगितल्या. टोपलंभर भाजी वर न्यायची. स्वतःच्या डोक्यावर न्यायची, दुसऱ्याचा हात टोपल्याला लागता कामा नये. आणि एकदा डोक्यावर घेतलं की माथ्यावर पोहोचेपर्यंत ते भुईला टेकवायचं नाही. हे सगळं ती तिशीत असताना बोलली होती. तेव्हा ती वांग्याचं भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत चालत जायची आणि वाटेत भेटेल त्याच्याशी उभी राहून गप्पा मारायची. माणूस नवस बोलतो तेव्हा आपले गुडघे कायम असेच राहणार असं धरून चालतो.

"पन बोलली कायच्यासाठी होतीस?"

"फेडल्यावर सांगीन."

"आता सांग."

"फेडल्याबिगर सांगू नये." एवढं बोलून तिने कप खाली ठेवला आणि तोड्याला निघून गेली.

माझी बायको आतापर्यंत गप्प होती. ती गप्प असते तेव्हा हिशोब चाललेला असतो. अक्काच्या मागे मागे ती वांग्यांत गेली आणि ओळीच्या दुसऱ्या टोकावरून विचारलं, "अक्का, भाजी कोनती बोलल्या होत्या?"

"कोनती असं नाही. टोपलंभर भाजी."

बायकोचा चेहरा खुलला. भाजीवाल्यांच्या घरात टोपलंभर या शब्दाला काही अर्थ नसतो. टोपलंभर वांगी उचलायला दोन माणसं लागतात. टोपलंभर टोमॅटो त्याहून जड. मिरची हलकी, पण देवाला मिरची कशी द्यायची? मेथी बरी. आणि सगळ्यांत हलका सांबार. कोथिंबिरीला आम्ही वऱ्हाडी लोक सांबार म्हणतो. जुड्या उभ्या, सैलसर रचल्या की टोपलं शिगोशीग दिसतं आणि पोरीबाळीसुद्धा उचलतात.

अक्काला हे पटेना. "देवाले फसोल्यावानी होते."

"फसोनं कायचं त्याच्यात? टोपलं भरून पाह्यजे, थे भरून राहीन," बायको म्हणाली. "अन् देवाले का सांबार लागत नाही? आपल्याले तं सांबाराबिगर घास उतरत नाही."

दोन दिवस घासाघीस चालली. शेवटी अक्का तयार झाली. मला या दोघींचं हसू येत होतं आणि रागही. मी नवसा-बिवसाला मानत नाही. देवाला काही हवं असेल तर तो खाली येऊन घेईल, त्याला काय गुडघ्याचा त्रास आहे? पण अक्का जाणार म्हटल्यावर तिला एकटीला सोडणं शक्य नव्हतं. आम्ही एक दिवसाचा तोडा बुडवायचा ठरवला. शेजारच्या मळेवाल्याला सांगितलं तेव्हा त्याने काळजीने विचारलं, "कोन गेलं?"

त्या सकाळी चांगलीच थंडी होती. मी सांबार उपटला, मुळं झटकली, जुड्या बांधल्या, टोपल्यात रचल्या, वरून ओलं पोतं झाकलं आणि टोपलं मालवाहू ऑटोत ठेवून दिलं. सगळं नेहमीसारखं. दोघी पुढे माझ्या बाजूला बसल्या. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या वावरांतून आम्ही डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलो. तिथे गाडीरस्ता संपतो.

अक्काने पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि टोपलं उचलून घेतलं. पहिल्याच झटक्यात तिच्या दोन्ही कानांवरून पाणी वाहायला लागलं. मानेवरून पाठीत गेलं. ती थंडीने "माय वं!" म्हणून ओरडली.

बायको माझ्याकडे बघायला लागली. "तुमी पानी मारलं?"

मी मारलं होतं. मारलं कसलं, एकेक जुडी हौदात बुचकळली होती. तीस वर्षं रोज सकाळी मी हेच करतो. पाणी मारल्याशिवाय सांबार बाजारात न्यायचा नसतो. एक तर तो टवटवीत दिसतो, आणि दुसरं कारण सांगायची गरज नाही. जगातला सगळ्यांत हलका माल शोधायला या बायकांनी दोन दिवस डोकं लावलं, आणि मी पहाटे उठून तो दीडपट जड करून ठेवला. माझ्या हातांना कोणी सांगितलंच नव्हतं की आज गिऱ्हाईक वेगळं आहे.

"खाली ठेव, झटकून देतो," मी म्हटलं.

"आता डोक्शावर घेतलं न बापा. खाली कसं ठेवू?"

मग बायकोने चपला काढल्या, एका दगडावर उभी राहिली आणि अक्काच्या डोक्यावरच्या टोपल्यातून टोपल्याला हात न लावता एकेक जुडी वर उचलून झटकायला लागली. ते सगळं पाणी पुन्हा अक्काच्याच अंगावर. अक्का आधी चिडली, मग हसायला लागली. ती हसली की टोपलं हलायचं, टोपलं हललं की आणखी पाणी. शेवटी तिघंही इतके हसलो की अर्धा तास तिथेच गेला. निम्मं पाणी उतरलं असेल. निम्मं तिने वर नेलं.

चढायला लागल्यावर मात्र मी बघतच राहिलो. मी रिकाम्या हातांनी, आणि पहिल्या टप्प्यालाच मला धाप लागली. अक्काची मान हलत नव्हती. ओझ्याची सवय असलेली बाई कमरेच्या वर वेगळी असते आणि कमरेच्या खाली वेगळी. खाली गुडघे करकरत होते, पाय ठेवताना ती ओठ दाबत होती. वर टोपलं मात्र ओट्यावर ठेवल्यासारखं स्थिर. फक्त विसावा घ्यायची पंचाईत होती, कारण भुईला टेकवायचं नाही.

तोड काढली ती बायकोनेच. "झाडाच्या दुबेळक्यात ठेवा न. थे काय भुई थोडीच हाये?"

म्हणजे झाडाच्या दोन फांद्या जिथे फुटतात त्या बेचक्यात. यावरही अक्काने क्षणभर विचार केला आणि हे देवाला चालेल असं ठरवलं. तेव्हापासून मला काम मिळालं. पुढे पळायचं आणि डोक्याच्या उंचीवर बेचकं असलेलं झाड शोधायचं. पळस सापडला, मग एक धावडा, मग वाकडी सालई. नवसाला न मानणारा मी, डोंगरभर ओरडत सुटलो होतो, "अक्का, इकडं ये, अथी लय मस्त दुबेळकं हाये!" तिने टोपलं तिथे टेकवलं की आम्ही तिघं झाडाखाली बसायचो. बायकोच्या पिशवीतलं तेल मी तिच्या गुडघ्यांना चोळायचो. पाणी प्यायचो. खालून कुठून तरी ट्रॅक्टरचा आवाज यायचा, बाकी काही नाही. शेवटचं आम्ही तिघं नुसतेच असे केव्हा बसलो होतो ते मला आठवेना. आमच्या बसण्याला नेहमी पुढ्यात काही तरी निवडायला नाही तर बांधायला असतं.

निम्मा डोंगर झाला असेल तेव्हा बकऱ्या आल्या. आधी एक आली, टोपल्याकडे नाक करून. मग पंधरा-वीस आल्या. सांबाराचा वास बकरीला किती लांबून येतो ते मला त्या दिवशी कळलं. अक्का पुढे, तिच्या मागे बकऱ्यांची रांग, त्यांना हाकलत बायको, आणि सगळ्यांत मागे हातात काठी घेतलेला एक म्हातारा बकऱ्यावाला. तो हाका मारून थकला, पण त्याची एकही बकरी मागे वळेना.

त्याने अक्काला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बाई, विकाले चालली काय वरतं? तथी गिऱ्हाईक नाही."

"देवाले न्याले चालली," अक्का म्हणाली.

"देवाले!" त्याला फार आनंद झाला. "लय दिवसानं कोनी आलं त्याच्याकडं. मागं एक जन आला होता, पन थो मोबाइलची रेंज पाहाले आला होता."

मी त्याला विचारलं, देव कोणता आहे? पारावरचं भांडण एकदाचं मिटवावं म्हणून. तो म्हणाला, "थे नाही माहीत. मी राम राम करतो, थो काही म्हनत नाही." बकऱ्या वळत नव्हत्या, म्हणून तोही आमच्याबरोबर निघाला. ते बरंच झालं. पुढची वाट म्हणजे वाट नव्हतीच, त्याच्या बकऱ्यांनी गवतातून पाडलेली एक रेघ होती.

शेवटचा चढ आला आणि झाडं संपली. बोडख्याचा बोडखेपणा इथून सुरू. सगळा निसटता मुरूम, आणि बेचकं तर सोडाच, झुडूपही नाही. अक्का वीस-पंचवीस पावलं गेली असेल, तिचा उजवा गुडघा मुडपला आणि ती टोपल्यासकट मटकन खाली बसली. टोपलं पडू दिलं नाही. दोन्ही हातांनी धरून तसंच डोक्यावर ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते सांबाराचं नव्हतं.

माझा ताबा सुटला. भीती वाटली की मला राग येतो, लहानपणापासूनची खोड. "दे इकडं थे टोपलं!" मी ओरडलो. "मी नेतो वर. देव काय पंचनामा कराले बसला हाये काय?"

"तुले नाही देता येत, बापू."

"काहून नाही देता येत?"

तिने टोपल्याची कड आणखी घट्ट धरली. मग म्हणाली, "तुह्यासाठीच बोलली होती म्हनून. अन् ऐकशीन तं रागावशीन. म्हनून तं इतके वर्सं फेडला नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पुढे केलेला हात मागे घेतला. आता काय ओरडणार?

अक्काने टोपलं सावरलं. "मले धरा," ती आम्हाला म्हणाली, "टोपल्याले धरू नका."

तसं केलं. मी एका बाजूने तिच्या काखेत हात घातला, बायकोने मागून कमरेला रेटा दिला, बकऱ्यावाला पुढे होऊन पाय कुठे ठेवायचा ते काठीने दाखवत गेला. मुरूम घसरायचा, आम्ही दोन पावलं चढून एक पाऊल खाली यायचो. बकऱ्यांनी दोनदा डाव साधून टोपल्यात तोंड घालायचा प्रयत्न केला. "नवसाआधी नाही, भवाने!" असं बायको एकीला खडसावत होती. आणि मग एकदम चढ संपला, वारा लागला, आणि आम्ही माथ्यावर होतो.

माथा सपाट, आमच्या खळ्याएवढा. मधोमध एक गुडघ्याएवढा दगड, शेंदराचे पोपडे उडालेला. पुढ्यात एक फुटकी पणती. ना मारुतीसारखं तोंड, ना म्हसोबासारखं काही. अक्काने त्याच्यासमोर टोपलं उतरवलं. उतरवल्यावर तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले, जणू डोकं अजून जागेवर आहे ना बघत होती. मग कमरेचा शेंदराचा पुडा काढून तेलात कालवला, दगडाला लेप दिला, पिशवीतला नारळ फोडला, आणि जुड्या एकेक करून सगळ्या समोर मांडल्या. नवसाची भाजी घरी परत न्यायची नसते, वाटून टाकायची असते. वर वाटायला कोण होतं? बकऱ्यावाल्याने दोन जुड्या खांद्याच्या पिशवीत घातल्या, बाकीच्या त्याच्या बकऱ्यांनी बघता बघता संपवल्या. "देवानं घेतलं बाई, सारंच घेतलं," तो म्हणाला, आणि कळप घेऊन माथ्याच्या पलीकडे उतरून गेला.

अक्का पाय पसरून बसली. बायको तिचे गुडघे दाबायला लागली. मी उभाच होतो.

"सांग आता," मी म्हटलं.

तिने माझ्या भरतीपासून सुरुवात केली. मी एकवीस वर्षांचा असताना पोलीस भरतीला गेलो होतो. तेव्हा वाशीम जिल्हा अकोल्यातच होता, भरती अकोल्याला. गावात माझ्यासारखं पळणारं कोणी नव्हतं, आणि मला अंगावर खाकी हवी होती, दुसरं काही नको होतं. मैदानावर शेवटच्या फेरीत मी पुढच्या चौघांत होतो आणि माझ्या पोटरीत गोळा आला. बसलो तो बसलोच. त्यानंतर वय गेलं, लग्न झालं, मळा अंगावर पडला. त्या गोळ्याची गोष्ट मी हजार वेळा सांगितली असेल, लग्नात, बाजारात, गाडीची वाट बघताना.

"तू गेला तवा बाबाले लकवा झाला होता," अक्का म्हणाली. "माय तं आधीच गेली होती. पोरगी माही मांडीवर. विहिरीले पानी नाही. मी एकटीनं काय काय पाह्यलं असतं? तुले दशम्या बांधून देल्ल्या, तुले ओवाळलं, म्हनलं, जाय बापू, नाव काढजो. अन् तू वळनावरून दिसनासा झाला, तशी या डोंगराकडं हात जोडून बोलली... म्हनलं, याले वापस पाठव. याची नोकरी होऊ देऊ नको."

वारा जोरात होता, पण मला सगळं नीट ऐकू आलं.

"गावातल्या देवाले काहून नाही सांगितलं?" बायकोने विचारलं.

"तथी बाया राह्यतात. कोनी ऐकलं असतं. इकडं कोनी येत नाही म्हनून याले सांगितलं."

मी माथ्याच्या कडेला चालत गेलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू. गोळा माझ्या पोटरीत आला, आणि तो मागितला होता माझ्या बहिणीने. नवसाला मी मानत नाही हे त्या क्षणी मी विसरलो होतो. दगड उचलून दरीत भिरकावला. दुसरा भिरकावला. मग खाली लक्ष गेलं. आमच्या बाजूची सगळी वावरं करडी-पिवळी, तूर वाळत आलेली. शेजाऱ्याच्या शेडनेटचा पांढरा चौकोन दिसला, आणि त्याला लागून एक गर्द हिरवा तुकडा. तो आमचा मळा. मी तो आयुष्यभर वाकून बघितला होता, वरून कधीच नाही. विहिरीवरच्या खोलीचा पत्रा चमकत होता. ती विहीर मी दोनदा खोल केली आहे. कडेची सीताफळं बायकोने लावलेली. वांगी कुठली, सांबार कुठला, एवढ्या लांबून ओळखू येत नव्हतं, पण मला माहीत होतं. आणि माझ्या छातीत एकदम असा आनंद मावेनासा झाला की मला स्वतःचीच लाज वाटली. मी शिपाई झालो असतो तर आज कुठल्या तरी नाक्यावर शिट्टी फुंकत असतो. मला माझा मळा आवडतो. बायको आवडते, ती माझ्याहून हुशार आहे तरी. तो गोळा माझा नुसता दिमाख होता. माणसाला सांगायला एक हुकलेली गोष्ट लागते, ती मी तीस वर्षं जपली होती. आणि इतकी वर्षं अक्का शेजारी बसून ती ऐकत होती, दर वेळी, काही न बोलता.

मी मागे वळलो. अक्का माझ्याकडेच बघत होती. तिच्या ओल्या केसांत सांबाराची पानं चिकटली होती. गुडघे सुजून लुगड्यातूनही दिसत होते.

"रागावला काय?" तिने विचारलं.

"रागावलोच," मी म्हटलं. "मले वाटलं, माह्यासाठी काही मोठं बोलली असशीन. चांदीचा घोडा, सोन्याचा कळस. अन् तू बोलली टोपलंभर भाजी! येवढीच किंमत माही?"

बायको खळखळून हसली. अक्का हसली नाही. लुगड्याला लागलेली कुसळं एकेक करून काढत ती म्हणाली, "तवा आपल्या अख्ख्या मळ्यात दिवसाले टोपलंभरच निघे, बापू."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि दुसऱ्या बाजूची कुसळं काढायला लागलो.